टोकन दिल्यानंतर: रीसेल फ्लॅट नावावर होईपर्यंत काय, कधी, कुणाकडे

रीसेल फ्लॅटचा भाव ठरला की घरात पेढे येतात आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर अभिनंदन सुरू होतं. खरं तर त्या दिवशी तुमच्या हातात फक्त एक तोंडी शब्द असतो. तिथून चावी मिळेपर्यंत साधारण दीड ते तीन महिने जातात, आणि बहुतेकांच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी रक्कम याच काळात खात्यातून बाहेर पडते. बिल्डरकडून नवं घर घेताना रेराचा, म्हणजे बिल्डरांवर नजर ठेवणाऱ्या कायद्याचा, काहीतरी आधार असतो. दोन माणसांमधल्या रीसेल व्यवहारात तो नसतो. तिथे तुमचं संरक्षण एकाच गोष्टीत आहे: पैसे कागदाच्या पुढे जाऊ द्यायचे नाहीत. प्रत्येक चेक देताना त्याच्या बदल्यात आज कोणता कागद हातात पडतोय, हे विचारायचं. खालचा सगळा क्रम त्याच हिशेबाने लावला आहे.

उदाहरण पुणे महापालिका हद्दीतल्या, नोंदणीकृत सोसायटीतल्या ८० लाखांच्या फ्लॅटचं घेतलंय. मुंबई-ठाण्यात पायऱ्या त्याच, काही दर आणि बोलण्यातले शब्द वेगळे.

टोकन आणि विसारपावती

टोकन, म्हणजे सौदा पक्का करायला दिलेली सुरुवातीची रक्कम, छोटं ठेवा. ५१ हजार किंवा एक लाख पुरे. "अजून दोन पार्ट्या लाइनीत आहेत, पाच लाख देऊन टाका" हे वाक्य एजंट प्रत्येक फ्लॅटला म्हणतो. ज्या विक्रेत्याला कागद दाखवण्याआधी पाच लाख हवे असतात, त्याच्याकडे कागद कसे आहेत हे आधी पाहावं.

रक्कम चेकने किंवा ऑनलाइनच द्या. मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख स्वीकारायला आयकर कायद्याची बंदी आहे आणि दंड स्वीकारलेल्या रकमेइतका, तोही स्वीकारणाऱ्याला. "थोडे कॅशमध्ये द्या" म्हणणाऱ्या विक्रेत्याला एवढं सांगितलं की विषय बहुधा तिथेच संपतो. तुमच्या बाजूनेही रोख दिलेला पैसा साठेखतात, म्हणजे विक्रीच्या नोंदणीकृत करारात, दिसत नाही, आणि व्यवहार मोडला तर तो परत मागायला पुरावा नसतो.

टोकनबरोबर विसारपावती, म्हणजे टोकन मिळाल्याचा आणि सौद्याच्या अटींचा छोटा करार, करा. मुंबईकडे हिलाच सरसकट एमओयू म्हणतात. तिच्यात एकूण किंमत, त्यात पार्किंग आणि फर्निचर धरलंय की नाही, कागद किती दिवसांत दाखवायचे, साठेखत कोणत्या तारखेपर्यंत आणि ताबा केव्हा, हे स्पष्ट हवं. सगळ्यात महत्त्वाचं कलम टोकन परत मिळण्याचं. ते साधारण असं लिहून घ्या: "मालमत्तेच्या मालकी हक्कात दोष आढळल्यास, अथवा खरेदीदाराच्या बँकेने मालमत्तेच्या कायदेशीर किंवा तांत्रिक कारणास्तव कर्ज नाकारल्यास, विसाराची संपूर्ण रक्कम १५ दिवसांत परत केली जाईल." तुमचा पगार कमी पडला म्हणून बँकेने नकार दिला, तर तो दोष विक्रेत्याचा नाही. त्यामुळे त्याने "मालमत्तेच्या कारणास्तव" हे शब्द घालायचा आग्रह धरला तर तो रास्त आहे. पावतीवर सगळ्या मालकांच्या सह्या हव्यात. फ्लॅट नवरा-बायकोच्या नावावर आणि सही एकट्या नवऱ्याची, असे विसार भरपूर होतात आणि बाई नाही म्हणाल्या की सगळं अडतं.

कागद: इथे घाई नको

वकील स्वतःचा घ्या, एजंटने आणलेला नको. एजंटला कमिशन व्यवहार झाला तर मिळतं, आणि वकिलाचं काम वेळ पडल्यास "हा व्यवहार करू नका" असं सांगणं हे आहे. बँकेचा वकीलही कागद तपासतो, पण बँकेसाठी. त्याचा अहवाल अनेकदा तुम्हाला दाखवतही नाहीत.

पहिली मागणी संपूर्ण चेनची. बिल्डरने पहिल्या मालकाला दिलेलं साठेखत, त्याने दुसऱ्याला दिलेलं, असं करत तुमच्या विक्रेत्यापर्यंत. प्रत्येकासोबत नोंदणीची पावती आणि इंडेक्स टू, म्हणजे सूची क्रमांक दोन: नोंदवलेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा. झेरॉक्सवर समाधान मानू नका. मूळ कागद एकदा टेबलावर मांडून पाहा, किंवा ते बँकेत असतील तर बँकेच्या लेटरहेडवरची कागदांची यादी पाहा. मधलं एखादं साठेखत हरवलं असेल तर पोलिसांत हरवल्याची नोंद, वर्तमानपत्रात नोटीस आणि दुय्यम निबंधकाकडून (नोंदणी कार्यालयाच्या अधिकाऱ्याकडून) प्रमाणित प्रत, हे विक्रेत्याने करायचं आणि साठेखताआधी करायचं.

वकील सर्च घेतो, म्हणजे या फ्लॅटवर आजवर नोंदलेले दस्त शोधतो, साधारण ३० वर्षांचे. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर अलीकडच्या वर्षांचे इंडेक्स टू तुम्हाला स्वतःलाही बघता येतात. जुन्या वर्षांसाठी कार्यालयातली पुस्तकंच चाळावी लागतात. सर्चमध्ये एखादं गहाणखत किंवा दुसऱ्याच कुणाच्या नावचं साठेखत निघालं, तर पुढचं पाऊल तिथेच थांबवायचं.

शेअर सर्टिफिकेटची, म्हणजे सोसायटीच्या सभासदत्वाच्या दाखल्याची, पुढची बाजू सगळे बघतात. तुम्ही ते उलटं करा. मागच्या तक्त्यात प्रत्येक हस्तांतरणाची तारीख, नव्या सभासदाचं नाव आणि अध्यक्ष-सचिव-खजिनदारांच्या सह्या असतात. साठेखतांच्या चेनमधली नावं आणि इथली नावं ओळीने जुळली पाहिजेत. चेनमध्ये चार मालक आणि सर्टिफिकेटवर तीन, म्हणजे मधल्या एकाने सभासदत्व घेतलंच नाही. हे सुटतं, पण तुमच्या वेळात नाही, विक्रेत्याच्या वेळात सुटायला हवं.

मूळ मालक वारला असेल तर जास्त जपा. सोसायटीत नॉमिनी म्हणून नाव लागलं म्हणजे तो मालक झाला असं होत नाही. सहकार कायद्यातही नॉमिनीला वारस ठरेपर्यंतचा तात्पुरता सभासद मानलंय. एक तर सगळे वारस विक्रेते म्हणून सही करतील, किंवा बाकीच्यांचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र हवं. अमेरिकेतल्या बहिणीने फोनवर "माझी काही हरकत नाही" म्हटलेलं चालत नाही. अशा व्यवहारात दोन वर्तमानपत्रांत, एका मराठी आणि एका इंग्रजी, १४ दिवसांची जाहीर नोटीस द्याच.

विक्रेता परदेशी असेल आणि कुलमुखत्यारपत्रावर भाऊ सही करणार असेल, तर ते पत्र तिथल्या भारतीय दूतावासात साक्षांकित किंवा अपोस्टिल (तिथल्या सरकारने खरेपणाचा शिक्का मारलेलं) झालेलं आणि भारतात आल्यावर तीन महिन्यांच्या आत मुद्रांक भरलेलं हवं. आणि निव्वळ मुखत्यारपत्रावर "विकत घेतलेला" फ्लॅट पुढे विकणारा भेटला तर नमस्कार करून उठा. अशा कागदाने मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच स्पष्ट केलंय.

बाकीचं पटकन: इमारतीचं भोगवटा प्रमाणपत्र (राहायला वापरण्याची महापालिकेची परवानगी), सोसायटीच्या नावे कन्व्हेयन्स (जमीन आणि इमारतीचं हस्तांतरण) झालंय का, मालमत्ता कराची चालू पावती, वीजबिल. पार्किंग कुणी आणि कोणत्या कागदाने दिलं तेही विचारा. बिल्डरला स्टिल्ट (इमारतीखालचं खांबांमधलं) किंवा मोकळं पार्किंग स्वतंत्रपणे विकता येत नाही, हा निकाल २०१० चा आहे. त्यामुळे "पार्किंगचे वेगळे चार लाख" ऐकलं की सोसायटीच्या वाटपाचं पत्र मागा.

सँक्शन लेटर म्हणजे पैसे नव्हेत

कर्जाचं मंजुरीपत्र तुमचा पगार आणि सिबिल बघून मिळतं. त्यानंतर बँक फ्लॅट बघते: वकिलाचा अहवाल आणि मूल्यांकनकाराची भेट. मंजूर नकाशात नसलेली बंद केलेली गच्ची, दोन फ्लॅटमधली पाडलेली भिंत, भोगवट्याशिवायचा मजला, असल्या गोष्टी इथे बाहेर येतात. म्हणून विसार झाला की लगेच कागदांचा संच बँकेत द्या. वकिलाचं आणि बँकेचं काम समांतर चालू दे.

रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ३० लाखांवरच्या, ७५ लाखांपर्यंतच्या कर्जाला घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ८० टक्के मिळतात. त्या किमतीत मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी धरत नाहीत, आणि मूल्यांकन करारातल्या रकमेपेक्षा कमी आलं तर बँक कमी आकडा धरते. आपल्या फ्लॅटला म्हणजे फार तर ६४ लाख. उरलेले १६ लाख तुमचे, आणि बँक आधी तुमचे १६ गेल्याचा पुरावा मागते, मग स्वतःचे सोडते.

त्या १६ लाखांवर काय चढतं ते आधीच मांडून ठेवा. पुणे शहरात मुद्रांक शुल्क ७ टक्के: मूळ ५, स्थानिक संस्था अधिभार १ आणि मेट्रो अधिभार १. म्हणजे ५ लाख ६० हजार. मुंबईत ६ टक्के. खरेदीदार फक्त महिला असतील तर १ टक्का सवलत, म्हणजे इथे ८० हजार वाचतात. नवऱ्याचं नाव सोबत घातलं की सवलत गेली. पूर्वी या सवलतीत घेतलेलं घर १५ वर्षं पुरुषाला विकता येत नव्हतं, ती अट २०२३ मध्ये निघाली. नोंदणी फी १ टक्का, कमाल ३० हजार. दलाली बहुधा १ ते २ टक्के, तीसुद्धा निम्मी साठेखताला आणि निम्मी ताब्याला द्यायची असं पहिल्याच दिवशी ठरवा. वकील, बँकेची प्रोसेसिंग फी आणि सोसायटीचे पैसे धरले तर कर्जाबाहेरचे साडेतेवीस लाखांच्या आसपास हाताशी हवेत. रीसेलवर जीएसटी नाही, तेवढाच दिलासा.

मुद्रांक शुल्क करारातली किंमत आणि रेडी रेकनरची (सरकारने त्या भागासाठी ठरवलेली) किंमत यांपैकी जास्त असेल तिच्यावर लागतं. रेडी रेकनर करारापेक्षा १० टक्क्यांहून जास्त वर असेल तर फरकाची रक्कम तुमचं उत्पन्न धरून आयकरही लागू शकतो. जुन्या इमारतीला वयाप्रमाणे घसारा मिळतो, त्यामुळे मूल्यांकन काढताना बांधकामाचं वर्ष बरोबर टाकलंय का ते पाहा.

टीडीएस: खरेदीदाराच्या डोक्यावरचं काम

किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर पूर्ण रकमेवर १ टक्का टीडीएस, म्हणजे विक्रेत्याच्या पैशांतून आधीच कापलेला आयकर, तुम्ही कापायचा. आपल्या उदाहरणात ८० हजार. विक्रेते दोन असोत वा चार, मर्यादा एकूण किमतीवर बघतात. पैसे दिलेल्या महिन्याच्या अखेरीपासून ३० दिवसांत तो आयकराच्या पोर्टलवर भरायचा, आणि मग प्रमाणपत्र विक्रेत्याला द्यायचं. उशिरा भरलं तर रोज २०० रुपये लेट फी, वर व्याज. बहुतेक लोक सगळा टीडीएस स्वतःच्या हिश्शातून साठेखताच्या वेळीच भरून टाकतात, कारण बँक रक्कम सोडताना चलान मागते. ते सोयीचंही पडतं.

त्याआधी विक्रेत्याचा पॅन आधारशी जोडलेला आहे का हे पोर्टलवर तपासा. पॅन निष्क्रिय असेल तर दर २० टक्के लागतो, आणि कमी कापल्याची नोटीस तुम्हाला येते, विक्रेत्याला नाही. विक्रेता अनिवासी भारतीय असेल तर हा १ टक्क्याचा नियमच लागू नाही. तिथे दर बराच जास्त असतो आणि रीत वेगळी. त्या व्यवहारात सीए घेतल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका. विक्रेत्याला कमी दराचं प्रमाणपत्र आयकर खात्याकडून आणता येतं, पण त्याला वेळ लागतो आणि ते पैसे देण्याआधी हातात यावं लागतं.

साठेखत आणि नोंदणीचा दिवस

मसुदा निदान दोन दिवस आधी मागून घ्या आणि घरी बसून बोटाने ओळ धरून वाचा. नावाचं स्पेलिंग पॅनप्रमाणे, फ्लॅट क्रमांक, मजला, सर्व्हे क्रमांक, चटई क्षेत्र, पार्किंग, आधी दिलेल्या प्रत्येक चेकचा क्रमांक आणि तारीख. हे सगळं डेटा एंट्रीमध्ये जसं टाइप होईल तसंच इंडेक्स टूवर उतरतं. नंतर चूक सापडली तर चूक दुरुस्ती पत्रासाठी सगळ्या विक्रेत्यांना पुन्हा कार्यालयात बोलवावं लागतं. तोवर त्यांना त्यांचे पैसे मिळालेले असतात, हे ध्यानात ठेवा.

मुद्रांक शुल्क आणि फी ऑनलाइन चलानने भरतात. सही होण्याआधीच व्यवहार फिसकटला तर न वापरलेल्या मुद्रांकाचा परतावा सहा महिन्यांच्या आत मागता येतो.

पुण्याच्या हवेली तालुक्यातल्या कुठल्याही दुय्यम निबंधक कार्यालयात गेलात तरी दृश्य तेच: अरुंद जिना, प्लास्टिकच्या खुर्च्या, आणि सर्व्हर चालू आहे का याची चौकशी. सगळे खरेदीदार, सगळे विक्रेते आणि ओळखीला दोन साक्षीदार, मूळ आधार-पॅनसह. आत फोटो, अंगठा आणि व्यवहार कबूल असल्याची विचारणा. ज्येष्ठांचे ठसे मशीन पटकन घेत नाही, त्यामुळे त्यांना सकाळच्या वेळेत न्या. सहीपासून चार महिन्यांत दस्त नोंदवायची कायद्याने मुभा आहे, पण सही आणि नोंदणी एकाच दिवशी करणंच शहाणपणाचं.

विक्रेत्याचा १४ लाख २० हजारांचा चेक इथे द्यायचा, नोंदणीची पावती बाहेर आल्यावर. एक लाख टोकन, ८० हजार टीडीएस आणि हे, मिळून तुमचे १६ लाख.

विक्रेत्याचंच कर्ज बाकी असेल तर

हे अगदी नेहमीचं आहे, घाबरायचं कारण नाही. फक्त पैसे विक्रेत्याच्या बचत खात्यात जाता कामा नयेत. समजा त्याचं २२ लाख कर्ज बाकी आहे. त्याच्या बँकेकडून बाकीचं पत्र आणि मूळ कागदांची यादी घ्या. साठेखतात लिहून घ्या की तुमचे १४ लाख २० हजार थेट त्याच्या कर्जखात्यात जातील. राहिलेले ७ लाख ८० हजार तुमची बँक त्याच खात्याच्या नावे देते. कर्ज बंद झालं की मूळ कागद सुटतात आणि विक्रेत्याने ते तुमच्या बँकेत जमा केले की मग उरलेले ५६ लाख २० हजार त्याला मिळतात.

मधले काही दिवस सगळ्यांच्याच पोटात गोळा असतो: तुमचे पैसे गेलेत, कागद अजून आलेले नाहीत. कर्ज पूर्ण फिटल्यापासून ३० दिवसांत मूळ कागद द्यायचे, नाहीतर उशिराच्या प्रत्येक दिवसाला ५ हजार रुपये, असा रिझर्व्ह बँकेचा नियम डिसेंबर २०२३ पासून आहे. हे वाक्य विक्रेत्याच्या बँकेत हसतमुखाने म्हणून दाखवलं की फाइल जरा लवकर सापडते.

सोसायटी

आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायट्यांच्या नमुना नियमांप्रमाणे) हस्तांतरणाला सोसायटीच्या एनओसीची, म्हणजे ना-हरकत पत्राची, गरज नाही. बँकेला मात्र ती लागते, म्हणून विक्रेत्याने साठेखताआधीच अर्ज टाकावा. त्याच पत्रात देखभाल शुल्काची बाकी शून्य असल्याचं लिहून घ्या. हस्तांतरण प्रीमियम महापालिका हद्दीत कमाल २५ हजार, हस्तांतरण फी ५०० आणि प्रवेश फी १००. याच्यावर "विकास निधी", "ऐच्छिक देणगी" या नावाने लाखभर मागणाऱ्या कमिट्या आहेत. ऐच्छिक असेल तर नाही म्हणता येतं, हे लेखी विचारलं की आकडा खाली येतो. पुण्यात अनेक इमारती कायद्याने सोसायटी नसून अपार्टमेंट, म्हणजे फ्लॅटमालकांचा वेगळ्या कायद्याखालचा संघ, असतात. तिथे शेअर सर्टिफिकेट नसतं, डीड ऑफ अपार्टमेंट (फ्लॅटच्या मालकीचा दस्त) असतं आणि वरचे आकडे लागू होत नाहीत.

ताबा

बँकेचा शेवटचा डीडी तयार झाला की त्याचा फोटो विक्रेत्याला पाठवा, डीडी नको. फ्लॅट रिकामा झालेला डोळ्यांनी पाहा, नळ आणि गीझर चालवून बघा, मीटरचं रीडिंग दोघांच्या समोर टिपा, भाडेकरू असेल तर तो खरंच गेलाय याची खात्री करा. मग एकाच बैठकीत डीडी, चाव्या आणि ताबा पावती. पुण्याकडे याच दिवशी खरेदीखतही, म्हणजे मालकी पूर्ण देणारा शेवटचा दस्त, नोंदवतात. साठेखताला पूर्ण मुद्रांक भरलेला असल्याने त्याला नाममात्र शुल्क लागतं. काही वकील "साठेखत पुरेसं आहे" म्हणतात. माझं मत, खरेदीखत करून घ्या. पुढे तुम्ही विकायला काढाल तेव्हा समोरचा वकील पहिल्यांदा तेच मागेल.

चावी मिळाल्यावरची कामं

कर्ज असेल तर कागद बँकेकडे गहाण टाकल्याची नोटीस ऑफ इंटिमेशन ३० दिवसांत नोंदवावी लागते. बँक सहसा आठवण करते, पण कायद्याने जबाबदारी कर्जदाराची. मालमत्ता कराला नाव लावा. पुणे महापालिकेत स्वतः राहणाऱ्याला मिळणारी ४० टक्के सवलत आपोआप येत नाही, त्यासाठी पीटी-३ अर्ज भरावा लागतो. तो राहिला की पुढचं बिल बघून धक्का बसतो. महावितरणच्या नावबदलाला विक्रेत्याच्या संमतीची सही लागते, ती ताब्याच्या दिवशीच घेऊन ठेवा, नंतर माणूस फोन उचलत नाही.

सोसायटीत सभासदत्वाचा अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. तीन महिन्यांत निर्णय कळवला नाही तर कायद्याने तुम्ही सभासद मानले जाता, पण त्यासाठी पोचेवरची तारीख हवी. शेअर सर्टिफिकेट नावावर होऊन आलं की स्कॅन करून मूळ प्रत बँकेत द्या, आणि बँकेच्या कागदांच्या यादीत त्याची नोंद करून घ्या. कर्ज फिटल्यावर बँक तीच यादी समोर धरून कागद परत करते.